माझ्या व्यायामाची हकीगत

वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं मीं व्यायामास आरंभ केला, हें सांगतांना मला मुळींच अभिमान वाटत नाहीं. कारण तो आरंभ हौसेनें झाला नसून भीतीनें झाला. २०२४ सालच्या पौषांत आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं रक्त तपासविलें आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारा आंकडा ६.३ आला. ६.५ पासून पुढें मधुमेह धरतात. म्हणजे दुखणें आमच्या उंबरठ्यापर्यंत येऊन जोडे काढीत होतें. वजन ८१ किलो भरलें. कंबरेचें माप पुरुषांस ९० सेंटिमीटरच्या आंत असावें म्हणतात. माझें किती भरलें तें मीं पत्नीलाहि सांगितलेलें नाहीं, येथेंहि सांगत नाहीं. डॉक्टर म्हणाले, "औषध आज देत नाहीं. रोज चाला, थोडा जोर लागेल असा व्यायाम करा, आणि ताटांत काय येतें तें पाहत जा." या तीन सूचनांपैकीं शेवटची मला सर्वांत सोपी वाटली होती.

आमचें घर धरमपेठेंतलें, एकत्र कुटुंबाचें. थोरले बंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, वहिनी, मी, माझी पत्नी, दादांचा मुलगा आणि सून, त्यांचीं दोन मुलें, आणि शहाऐंशी वर्षांची आई, अशीं नऊ माणसें एका चुलीवर जेवतों. चूल आतां गॅसची आहे, पण एकच आहे. माझी पत्नी सकाळच्या शाळेंत शिकविते, सूनबाई आठाच्या ठोक्याला नोकरीवर जाते. तेव्हां सकाळचा स्वयंपाक वहिनींकडे, हें कोणीं ठरविलें नव्हतें, पण छत्तीस वर्षें तसेंच चाललें होतें.

व्यायाम हा शब्द या घराला नवा नव्हता. वडील महालांतल्या जुन्या वाड्यांत असतांना रोज पहांटे अंगणांत एकशें आठ नमस्कार घालीत. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांचें सूर्यनमस्कारांवरचें पुस्तक त्यांच्या पेटींत पोथ्यांच्या शेजारीं असे. या राजानें आपल्या संस्थानांतील शाळांतून नमस्कार सक्तीचे केले. आपण स्वतः म्हातारपणापर्यंत ते घातले. आणि १९३८ सालीं त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनांत निघालें. आमच्या शेजारीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलें, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं त्या मंडळाचीं माणसें तेथें जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलीं. तिकडे बडोद्यास व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध झाले. असल्या हवेंत वाढलेल्या बापाचा मी मुलगा. आणि मला चपलेचा पट्टा लावण्यास वांकलें कीं दम लागे!

तेव्हां पहिल्याच दिवशीं मीं एक मूर्खपणा केला. बापानें एकशें आठ घातले, तर मुलानें निदान एक्कावन्न घालावेत, असा हिशेब मांडून मी गच्चीवर उभा राहिलों. सतराव्या नमस्काराला आकाश फिरूं लागलें. तरी हट्टानें तिसापर्यंत गेलों. दुसऱ्या दिवशीं मला जिना उतरतां येईना. उलट्या पावलांनीं, कठड्याला धरून, लहान मुलासारखा मी खालीं आलों, आणि आईनें विचारलें, "काय रे, पडलास कीं काय?" तीन दिवस रजा काढावी लागली. कचेरींत रजेचें कारण काय लिहावें हा एक वेगळाच पेंच पडला; शेवटीं "प्रकृति अस्वास्थ्य" लिहिलें. आरोग्यासाठीं केलेल्या खटपटीला तें नांव द्यावें लागलें!

त्या तीन दिवसांत अंथरुणावर पडल्यापडल्या मीं या विषयावर जें वाचलें, त्यांतील एक गोष्ट मनांत ठसली. जेवणानंतर रक्तांत जी साखर उतरते तिचा फार मोठा भाग स्नायु शोषून घेतात. आणि शरीरांतले मोठे स्नायु मांड्यांचे व कुल्ल्यांचे. खुर्चींत बसून ते सुकले म्हणजे साखरेला जाण्यास जागाच उरत नाहीं. म्हणून नुसतें चालणें पुरत नाहीं; आमचे पूर्वज बैठका मारीत त्यांत अर्थ होता. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं जें सांगितलें तेंहि हेंच: आठवड्यांत निदान १५० मिनिटें दम लागेल न लागेल असें चालणें, आणि शिवाय आठवड्यांतून दोन दिवस तरी स्नायूंस जोर पडेल असें कांहीं. त्यांत एक्कावन्न नमस्कारांचा उल्लेख कोठेंहि नाहीं. चौथ्या दिवसापासून मीं तीन नमस्कार आणि पांच बैठका एवढ्यावर आलों, आणि दर चार दिवसांनीं एकेक वाढवूं लागलों. लाज वाटण्याइतकें थोडें वाटे. पण दुसऱ्या दिवशीं पुन्हां करवे, हा त्याचा मोठा गुण.

चालण्यास अंबाझरी. आमच्या घरापासून तलावाची भिंत फार दूर नाहीं. आदल्याच वर्षीं, २३ सप्टेंबर १९२३ नव्हे, २०२३ च्या रात्रीं (वडिलांच्या जुन्या कागदांत वावरल्यामुळें माझें शतक असें चुकतें) याच तलावाचें पाणी वाहून आमच्या खालच्या वस्त्यांत माणसाच्या छातीइतकें चढलें होतें. पण पौषांतल्या पहांटे तोच तलाव असा निर्मळ आणि निरपराधी दिसे, कीं त्याच्यावर राग धरवत नसे. माघ-फाल्गुनांतली नागपूरची सकाळ ज्यानें पाहिली नाहीं त्याला उन्हाळ्यांतल्या नागपूरला क्षमा करतां येणार नाहीं.

मात्र या फिरण्याचा शेवट तर्री-पोह्यांच्या गाडीपाशीं होई. आम्हां फिरणाऱ्यांची एक टोळीच जमली होती. कोणी निवृत्त इंजिनियर, कोणी वकील, आणि सर्वांची वाट शेवटीं त्या गाडीवरून जाई. पोह्यांवर चण्याची लाल तर्री, वर कच्चा कांदा, पिळलेलें लिंबू, आणि इच्छा झाल्यास शेजारच्या कढईंतली जिलबी. अर्धा तास चालून मनुष्य दीडशेंच्या आसपास कॅलरी खर्च करतो, आणि दहा मिनिटांत त्याच्या दुप्पट व्याजासह परत घेतो. दीड महिन्यानंतर वजन केलें तर तें ८१ चें ८१.५ झालेलें! तेव्हां माझे डोळे उघडले. मीं एक वही घातली. दिवसभरांत तोंडांत काय गेलें तें रात्रीं लिहून काढावयाचें, असा नेम केला. वहीचा एक धाक असतो. लिहावें लागेल या लाजेनेंच निम्मी जिलबी सुटली.

वहीनें आणखी एक गोष्ट दाखविली. भात, पोळी, बटाटा आणि साखर यांनीं माझें ताट भरलेलें असे. परंतु स्नायु ज्यापासून बनतात तीं प्रथिनें त्यांत फारच थोडीं. प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागें सुमारें ०.८३ ग्रॅम प्रथिन रोज लागतें, असा आपल्याकडील शास्त्रज्ञांचा निर्णय आहे. म्हणजे मला सदुसष्ट-अडुसष्ट ग्रॅम. शाकाहारी घरांत तें यावयाचें कोठून? डाळी, कडधान्यें, दूध-दहीं, शेंगदाणे. तुरीच्या १०० ग्रॅम कोरड्या डाळींत तें सुमारें २२ ग्रॅम असतें, ज्वारींत दहा, दुधांत तीन-साडेतीन. हा हिशेब मीं वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि स्वयंपाकघरांत जाऊन माझीं फर्मानें सोडलीं. सकाळीं वाफविलेली मोडाची मुंग. दुपारीं भात अर्धा, वरण दोन वाट्या आणि तें घट्ट. दह्याची मोठी वाटी. रात्रीं पोळीऐवजीं ज्वारीची भाकर, तिच्याबरोबर जवसाची चटणी आणि एखादी उसळ. भाकर गरम असावी.

वहिनींनीं एका शब्दानें कुरकुर केली नाहीं. रात्रीं मुंग भिजे, सकाळीं फडक्यांत बांधली जाई, तिसऱ्या दिवशीं पहांटे माझ्यापुढें येई. मी फिरून येईपर्यंत वहिनी उठून तास झालेला असे. पूर्वींच्या पहिलवानांच्या गोष्टींतून आपण वाचतों कीं अमक्याचा खुराक एवढे शेर दूध आणि एवढे बदाम. ते बदाम कोणीं वाटले हें कोणत्याहि गोष्टींत लिहिलेलें नसतें. माझ्या वहींतहि तें लिहिलेलें नव्हतें.

चैत्राच्या अखेरीस पुन्हां रक्त तपासलें. साखरेचा आंकडा ५.८, वजन ७६. घरांत माझें कौतुक झालें. शेजारचे गृहस्थ वही पाहावयास आले. दादा सहसा कोणाला चांगलें म्हणत नाहींत, तेहि म्हणाले, "वडिलांचें रक्त आहे." मी आतां अठरा नमस्कारांवर आलों होतों आणि जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करून चढत होतों. मनुष्य निरोगी होऊं लागला कीं थोडा असह्यहि होतो. त्या दिवसांत मीं घरांतल्या प्रत्येकाला व्यायामाचा उपदेश केला. वहिनींना मात्र केला नाहीं. त्यांना दिवसभर घरकाम असतें, तेवढा व्यायाम त्यांना पुरे, असें माझें मत होतें, आणि तें मीं बोलूनहि दाखविलें होतें.

मे महिना लागला. नागपूरच्या उन्हाविषयीं बाहेरच्या लोकांनीं वाटेल तें ऐकलेलें असतें. त्या महिन्याच्या शेवटीं तर येथील एका स्वयंचलित यंत्रानें ५६ अंश तापमान दाखविलें, आणि देशभर गवगवा झाला. मागाहून हवामानखात्यानें यंत्रच बिघडल्याचें सांगितलें. पण खरें पंचेचाळीस अंश ऊन हें कांहीं थोडें नव्हे. वाळवणाचे ते दिवस. मेच्या मध्यास एके सकाळीं वहिनी गच्चीवर मुंगवड्या घालीत होत्या. नऊचा सुमार असेल. मी खालीं माझ्या बैठका मोजीत होतों. तेवढ्यांत वर परात पडल्याचा आवाज झाला. धांवत गेलों तों वहिनी कठड्याजवळ पडलेल्या, भोंवतीं डाळीचें वाटण सांडलेलें, आणि उजवा हात मनगटापासून वांकडा झालेला. "कांहीं नाहीं, भोवळ आली थोडी," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि लगेच, "वड्या तुडवूं नका, भाऊजी."

मनगटाचें हाड मोडलें होतें. तें बसवून सहा आठवड्यांचें प्लॅस्टर घातलें. रक्त तपासलें तर हिमोग्लोबिन ८.९ निघालें, बायकांस तें १२ च्या खालीं नसावें. हाडेंहि विरळ झालेलीं. इतर कांहीं रोग आंत दडला आहे काय हें पाहण्यासाठीं तपासण्या झाल्या. सुदैवानें कांहीं निघालें नाहीं. संध्याकाळीं आमचे डॉक्टर घरीं आले. आम्ही सारे ओळीनें बसलों होतों. त्यांनीं कागद पाहिले, चष्मा काढला, आणि विचारलें, "या जेवतात काय?"

प्रश्न साधा होता. आम्हांपैकीं कोणालाहि उत्तर देतां येईना. वहिनी आंत निजल्या होत्या. दादा म्हणाले, "जेवतात कीं, आम्ही जेवतों तेंच." डॉक्टर म्हणाले, "तेंच म्हणजे किती? केव्हां?" दादा माझ्याकडे पाहूं लागले, मी पत्नीकडे, पत्नी सूनबाईकडे. छत्तीस वर्षें आम्ही त्या हातचें जेवत आलों. माझ्या स्वतःच्या पोटांत अमक्या दिवशीं दुपारीं किती शेंगदाणे गेले हें मीं वहींतून काढून दाखविलें असतें. शेवटीं दादांची आठ वर्षांची नात म्हणाली, "आजी तर ओट्यापाशी उभी राहून जेवते."

डॉक्टर गेल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. दादा उठून देवघरांत गेले आणि दिवा लावण्याची वेळ झालेली नसतांहि तेथें बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मीं वहीचें एक नवें पान घातलें. प्लॅस्टरमुळें स्वयंपाक पत्नी आणि सूनबाई करीत. पण आदल्या महिन्यांत वहिनींचा क्रम काय होता तें दोघींना विचारून, कांहीं वहिनींकडूनच काढून घेऊन, मीं तें मांडलें. सकाळीं चहा. पुन्हां दहाला चहा. दुपारीं सर्वांचीं जेवणें होऊन ओटा आवरल्यावर दोनच्या सुमारास दोन पोळ्या, थोडा भात, उरलेली भाजी. वरण उरलें तर. रात्रीं एक भाकर, चटणी, ताक. महिन्यांत चार सोमवार, दोन एकादशा आणि चतुर्थी. त्या दिवशीं साबुदाणा, ज्यांत शेंगदाण्यांचें कूट नसतें तर प्रथिन म्हणून कांहीं नाहींच. मीं आंकडे मांडले, पुन्हां मांडले. ५२ किलो वजनाच्या बाईस त्रेचाळीस ग्रॅम हवें तेथें सव्वीस-सत्तावीस भरत होतें. माझ्या पानावर त्याच महिन्यांत रोजचे बहात्तर होते.

परंतु मला जें खरोखर लागलें तें याच्या पुढचें. डाळ मोजण्याची आमच्या घरीं एक जुनी पितळी वाटी आहे. सकाळच्या वरणाला दोन वाट्या, म्हणजे २२० ग्रॅम, हें माप आईच्या वेळेपासूनचें. मीं दोन वाट्या घट्ट वरण मागूं लागलों तेव्हां तें माप वाढविलें कोणीं? मीं वहिनींना विचारलें. त्या डाव्या हातानें कोथिंबीर (आमच्याकडे तिला सांबार म्हणतात) निवडीत होत्या. म्हणाल्या, "वाढवायचं कशाला? पुरत होतं ना सगळ्यांना." पुरत होतें तें असें: पुरुषांची आणि मुलांची पंगत उठली कीं उरलेल्या वरणांत तांब्याभर गरम पाणी आणि वर फोडणी पडे, आणि त्याची आमटी होऊन ती मागच्या पंगतीला जाई. मागच्या पंगतींतहि पत्नी व सूनबाई सुट्टीच्याच दिवशीं. एरव्हीं वहिनी एकट्या. माझी दुसरी वाटी त्या पातेल्यांतून आली होती. दह्याचेंहि तेंच; माझी मोठी वाटी निघाल्यावर विरजणांत जें राही त्याचें ताक होई. मीं कमावलेले स्नायु दुसऱ्या कोणाच्या तरी ताटांतून आले होते, आणि मीं त्याची वही ठेवली होती!

हें आमच्याच घरचें असतें तर मीं छापावयास दिलें नसतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत देशांतील पंधरा ते एकूणपन्नास वर्षांच्या बायकांपैकीं शेंकडा ५७ पंडुरोगी आढळल्या. त्या साऱ्या कांहीं दरिद्री घरांतल्या नव्हत्या. आमच्या फडताळांत तुपाची बरणी आणि बदामांचा डबा होता.

सुधारणा करूं म्हटलें तर पहिला विरोध वहिनींचाच. त्यांच्या खुर्चीपाशीं वही घेऊन बसलों कीं त्या म्हणत, "काय लिहून राहिले भाऊजी? माझ्या भाकरी मोजता?" मला भूकच नसते, हें त्यांचें उत्तर. तें खोटेंहि नव्हतें. दोन-दोन तास चहावर काढणाऱ्याची भूक मरतेच, आणि रक्त कमी झालें कीं अन्नावरची वासनाहि उडते. शिवाय पुरुषांच्या आधीं किंवा बरोबर बसणें त्यांना चोरी केल्यासारखें वाटे. येथें दादांनीं जें केलें तें मला अपेक्षित नव्हतें. उपदेश त्यांनीं केला नाहीं. दुपारीं पान वाढलें, तर ते म्हणाले, "ती बसली कीं मी बसतों." पहिल्या दिवशीं अडीच वाजले. दुसऱ्या दिवशीं दोन. आई आंतून ओरडली कीं म्हाताऱ्या माणसाला उपाशीं ठेवतां काय. तिसऱ्या दिवशीं साडेबाराला नऊ पानें एकदम मांडलीं गेलीं. पोळ्या आधींच करून डब्यांत झांकून ठेवलेल्या. गरम पोळी पानांत पडण्याचें सुख गेलें, हें मी कबूल करतों. दादांना अजून ती निवलेली पोळी आवडत नाहीं. पण ते बोलत नाहींत.

पितळी वाटी तीच ठेवली, माप साडेतीन वाट्यांवर नेलें. डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या; त्यांबरोबर दोन लहान गोष्टी सांगितल्या, त्या येथें देतों, कारण त्यांना खर्च कांहीं नाहीं. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊं नये; चहानें अन्नांतलें लोह अंगीं लागत नाहीं. मध्यें निदान तासभर जावा. आणि डाळ-भाजीबरोबर कांहीं आंबट फळ किंवा लिंबू असावें; त्यानें तें अधिक लागतें. पुढें मार्गशीर्षांत आंब्या बहाराचीं संत्रीं बाजारांत आलीं तेव्हां प्रत्येकाच्या पानांत डाव्या बाजूला चार फोडी येऊं लागल्या. नागपुरांत राहून संत्र्याचा हा उपयोग आम्हांला आतां कळला; आजवर आम्ही तीं पाहुण्यांबरोबर पुण्या-मुंबईस पाठवीत होतों. उपासांविषयीं मीं तोंड उघडलें नाहीं. सूनबाईनें परस्पर साबुदाण्याच्या जागीं राजगिरा, दूध आणि दाण्याची आमटी आणली; उपास तेवढेच राहिले, आणि कोणाच्या श्रद्धेस धक्का लागला नाहीं.

प्लॅस्टर निघालें तेव्हां वहिनींचा हात काडीसारखा झालेला. हाताचे व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनीं सांगितलें कीं हातापेक्षां पायांची चिंता अधिक करा. पुन्हां पडल्या तर या वेळीं मनगट नव्हे, खुबा जाईल. घरकाम हा व्यायाम पुरे, हें माझें मत त्यांना कोणीं तरी सांगितलें असावें, कारण त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ओट्यापाशीं चार तास उभें राहण्यानें पाय दुखतात, बळकट होत नाहींत." हाडाला आणि स्नायूला रोजच्यापेक्षां थोडा अधिक भार मिळाला तरच तीं वाढतात. मीं गुपचूप ऐकून घेतलें. वडिलांच्या पेटींतलें औंधचें पुस्तक त्यानंतर पुन्हां काढून पाहिलें. स्त्रियांनींहि नमस्कार घालावेत असा राजेसाहेबांचा आग्रह त्यांत स्पष्ट आहे. तीं पानें आमच्या घरांत कोणीं उलटलीं नव्हतीं.

वहिनींना नमस्कार जमण्यासारखे नव्हते. हातावर भार नको. त्यांचा आरंभ खुर्चीवरून झाला. हाताचा आधार न घेतां उठावयाचें आणि बसावयाचें. पहिल्या दिवशीं तीनदां उठल्या, चौथ्या वेळीं धपकन बसल्या आणि हंसूं लागल्या. मग भिंतीला तळवे टेंकून हलका रेटा, टाचा उचलून उभें राहणें. माझी सकाळची गच्ची दोघांची झाली. पत्नी शाळेमुळें रविवारींच येते, आणि आल्यावर आम्हां दोघांच्या चुका काढते. गणपतीपर्यंत वहिनी दहा वेळां उठत होत्या, दिवाळीस वीस. कार्तिकांत रक्त तपासलें तें ११.४ आलें. डॉक्टर म्हणाले, अजून बारा नाहीं. वहिनी म्हणाल्या, "होईल कीं, घाई काय आहे?" माझें स्वतःचें वजन या अवधींत दीड किलो परत वाढलें होतें, साखर मात्र जागच्या जागीं होती. तें मीं वहींत लिहिलें, आणि वहिनींनीं तें वाचून दाखविलें, सर्वांना ऐकूं जाईल असें.

आतां त्या अंबाझरीलाहि येतात. तर्रीच्या गाडीपाशीं आमच्या टोळींतले लोक पहिल्या दिवशीं जरा सांवरून उभे राहिले. वहिनींनीं गाडीवाल्याला तर्री कशाची, तेल किती, असे चार प्रश्न विचारले आणि शेवटीं म्हणाल्या, "चणे दे, पोहे कमी." तेव्हांपासून आमच्यांतले दोघे वकील तसेंच मागतात.

परवां सकाळीं मी नमस्कार आटपून खालीं आलों, तों वहिनी पायांत बूट घालून दारांत उभ्या. म्हणाल्या, "भाऊजी, मला उशीर झाला आहे आज. उंडा मळून ठेवला आहे, तेवढ्या भाकरी थापा." आणि गेल्याच. मीं भाकरी थापावयास घेतल्या. पहिली परातींतच राहिली. दुसरी तव्यावर पोहोंचली, पण तीन ठिकाणीं फाटून. ती दादांच्या पानांत पडली. दादांनीं ती उलटून पाहिली, सुलटून पाहिली, आणि विचारलें, "ही कोणीं केली?"

मीं वरणाची वाटी पुढें केली.